बिनअर्जाचे रहिवासी

दिल्लीचं तापमान म्हणून बातम्यांत जो आकडा सांगतात तो सफदरजंगचा असतो, आणि सफदरजंगचा विमानतळ आमच्या लक्ष्मीबाई नगरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे दिल्लीचा उन्हाळा बाकीचे लोक ऐकतात, आम्ही तो जागेवर घेतो. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्याच मुंगेशपूरच्या यंत्राने ५२.९ अंश दाखवले आणि जगभर बोंब झाली. मग हवामान खात्याने तपासलं, तर यंत्रच तीन अंश जास्त दाखवत होतं. आमच्या सफदरजंगला त्या दिवशी फक्त ४६.८ होतं. हे ऐकून गल्लीत केवढा दिलासा पसरला! कुणीतरी कूलरसमोरून उठून म्हणालंसुद्धा, "चलो, इतनी भी गर्मी नहीं है." माझ्या मोगऱ्याने मात्र शेवटपर्यंत मुंगेशपूरचाच आकडा ग्राह्य धरला.

अशा हवेत बाग करू नये हे कुणीही सांगेल, आणि मला सगळ्यांनी सांगितलंच. त्यातून मी करायला घेतलेली बाग साधी नव्हे. पाखरं, फुलपाखरं, खारी, सरडे यांना आपली वाटेल अशी बाग. औषध फवारायचं नाही, पालापाचोळा झाडून टाकायचा नाही, पाणी भरून ठेवायचं, आणि जो येईल त्याला येऊ द्यायचं. सगळी मेख या शेवटच्या कलमात आहे.

दिल्लीतल्या बागेत बसून पाखरं बघणाऱ्यांत माल्कम मॅक्डोनल्ड यांचं नाव मोठं. १९५५ ते १९६० ते इथे ब्रिटनचे उच्चायुक्त होते. बंगल्याच्या बागेतले पक्षी न्याहाळत राहिले आणि १९६० साली त्यावर अख्खं पुस्तक काढलं. पण त्यांची बाग बंगल्याची होती, राखायला माळी होते, आणि पक्ष्यांनी काही खाल्लंच तर ते राणीच्या सरकारच्या खाती पडायचं. आमच्याकडे तळमजल्याच्या क्वार्टरपुढचा एक तुकडा. त्यात लिंबू, कढीपत्ता, दोन जास्वंदी, दारावर चढवलेली मधुमालती, आणि कुंपणाला लागून भारत सरकारच्या मालकीचा एक कडुलिंब.

क्वार्टर कसा मिळतो हे ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक. आधी नोकरीची वर्षं मोजतात, मग पगाराची पातळी बघतात, मग प्रतीक्षायादीत नाव लागतं, मग ते नाव यादीत वरखाली होत राहतं. माझ्या नवऱ्याला तळमजला आणि पुढचा तुकडा मिळेपर्यंत मुलगा चौथीतून नववीत गेला होता. बागेत आलेल्यांपैकी एकानेही अर्ज केला नाही. ज्येष्ठता नाही, पात्रता नाही, कुणाच्या ओळखीची चिठ्ठीही नाही. आले आणि ताबा घेतला. शेजारच्या सरोजिनी नगर, नेताजी नगरात जुनी घरं पाडून टॉवर उभे करायचा बेत निघाला तेव्हा हजारो झाडं जाणार होती. २०१८ च्या जूनमध्ये लोकांनी झाडांना मिठ्या मारल्या, उच्च न्यायालयाने तोड थांबवली, मग पुढे जे व्हायचं ते हळूहळू होत राहिलं. माझा आपला अंदाज असा, की तिकडचे बरेचसे विस्थापित आमच्या कडुलिंबावर पर्यायी निवासाला आलेत. सरकारनेच पाठवले असतील तर मी नाही म्हणणारी कोण?

सुरुवात पाण्यापासून केली. मातीचा पसरट सकोरा आणला, मधमाश्यांना बसून पिता यावं म्हणून त्यात खडे टाकले, सावलीत ठेवला. चिमण्या येतील अशी अपेक्षा होती. चिमणी हा २०१२ पासून दिल्लीचा राज्यपक्षी आहे, तेव्हा पहिला मान तिचाच. आला कावळा. पाणी प्यायला नव्हे, स्वयंपाकाला. कुठून तरी वाळकी रोटी आणायची, सकोऱ्यात भिजत घालायची, मऊ झाली की खायची, आणि उरलेला लगदा आमच्यासाठी ठेवून जायचं. रोटीपर्यंत ठीक होतं. पण आमच्या एका अंगाला आयएनए मार्केट आहे आणि तिथली मासळी दिल्लीभर नावाजलेली. एका सकाळी सासूबाई फुलं काढायला गेल्या आणि सकोऱ्यात त्यांना रोहूचं डोकं दिसलं. सासूबाई नाशिकच्या. आयुष्यभर अंड्यालाही न शिवलेल्या. त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, चिमण्या मासे खायला लागल्या का इकडे?"

"कावळा आहे, आई."

"मग त्याला वेगळं भांडं ठेव."

तेव्हापासून आमच्याकडे दोन सकोरे आहेत, शाकाहारी आणि मांसाहारी. कावळा दोन्ही वापरतो.

याच सकोऱ्यांवर एकदा मलेरियावाले आले. हे लोक घरोघर जाऊन कूलर, कुंड्या, टाक्या तपासतात, आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर चलान फाडतात. त्यातल्या एकाने सकोऱ्यात टॉर्च मारला.

"पानी कब बदला?"

"आज सुबह."

"रखा किसलिए है?"

"चिड़ियों के लिए."

त्याने खड्यांमधून एक काटा बोटाने वर काढला, उन्हात धरून पाहिला, आणि काही न बोलता परत ठेवला. मग मात्र खाली बसून मला नीट समजावलं. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला. ती चिकटून बसतात, भांडं कोरडं पडलं तरी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी मिळालं की फुटतात. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी भांडं रिकामं करून कडा काथ्याने खसखसून घासायच्या. माणूस जाणता होता. आमच्याकडे अळी निघाली नाही. निघाली वरच्या मजल्यावरच्या आंटीजींच्या मनी प्लांटच्या बाटलीत. यातून आंटीजींनी निष्कर्ष असा काढला, की माझ्या बागेतले डास बाळंतपणाला त्यांच्याकडे जातात.

निसर्गावर प्रेम करणारा प्रत्येक माणूस खिशात एक यादी ठेवून प्रेम करतो, असं माझं निरीक्षण आहे. आंटीजींना पोपट चालतात, कबुतरांना तर त्या रोज बाजरी घालतात, पण पाल दिसली की त्या इमारत सोडायला निघतात. समोरचे बंगाली दादा साप वाचवायला हवेत म्हणून तासभर बोलू शकतात, पण कुंभारीण माशीने त्यांच्या प्लगच्या भोकांत मातीचं घर बांधलं तेव्हा त्यांची भाषा बदलली. माझ्या यादीत घूस नाही, हे मी आधीच सांगून टाकते. घुशीने स्वतःची वेगळी बाग करावी.

फुलपाखरं सगळ्यांच्याच यादीत असतात. अळी कुणाच्याच नसते. मी नर्सरीत गेले तेव्हा तिथल्या माणसाने उत्साहाने एक चकचकीत रोप पुढे केलं. "मॅडम, ये ले जाइए, इसमें कभी कीड़ा नहीं लगता."

"कीड़ा लगने वाला कौन सा है?"

तो माझ्याकडे बघत राहिला. धंद्यात हा प्रश्न त्याला प्रथमच आला असावा. जरा विचार करून म्हणाला, "वो तो सब मर गए."

शेवटी घरचाच कढीपत्ता कामाला आला. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, आणि त्यांच्या पानांवर काळ्या-पिवळ्या मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. अळी लहान असते तेव्हा थेट पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. कुणी खाऊ नये म्हणून केलेली ही वेशभूषा. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढून असा वास सोडते की डिवचणारा दोन पावलं मागे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिला काडीने कुंपणापार करण्याची तयारी केली होती. मी त्यांना सांगितलं, की महाराष्ट्राने २०१५ साली नीलवंताला राज्य फुलपाखरू ठरवलं, देशात असं करणारं ते पहिलं राज्य, आणि नीलवंताच्या अळ्याही अशाच लिंबाच्या गोतावळ्यावर पोसतात. ही त्यांची चुलत बहीण.

"म्हणजे आपल्याकडचीच की!" म्हणत सासूबाईंनी काडी खाली टाकली. परमुलखात नातं चटकन जुळतं.

माली भैयाला मात्र काही महाराष्ट्राचं सोयरसुतक नव्हतं. तो दर फेरीला झाडापुढे उभा राहून हळहळायचा. "मेमसाब, पूरा खा गया. रोगर मार दूँ?" मी औषध नको म्हणायची. पुढच्या फेरीला तोच प्रश्न, जरा अधिक करुण स्वरात. मे संपेपर्यंत कढीपत्त्याच्या नुसत्या काड्या उरल्या. त्या महिन्यात आमच्या वरणाला फोडणी पडली ती आयएनए मार्केटातून विकत आणलेल्या कढीपत्त्याची. घरचा कढीपत्ता पाहुण्यांना, आणि आम्हाला बाजारचा. नवऱ्याने हे एकदा हिशेब मांडून दाखवलं. मी म्हटलं, सरकारी पाहुणचाराचा नियमच आहे तो.

चिमणीसाठी लाकडी घरटंही टांगलं. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० साली सुरू झाला तो नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने, तेव्हा सासूबाईंना ही आपली घरचीच योजना वाटत होती. त्यांनी स्वतः उभं राहून उंची ठरवली. घरट्यात खार शिरली. भोक चिमणीच्या मापाचं होतं, ते तिने कुरतडून स्वतःच्या मापाचं केलं. मग आत गादी हवी म्हणून आमच्या पोछ्याची सुतं उपसून नेली, दिवाणखान्यातल्या उशीला भोक पाडून कापूस नेला. दिल्लीच्या खारीच्या पाठीवर पाच पट्टे असतात. मी ते नीट मोजू शकले, कारण ती पळायचे कष्टच घेत नव्हती. चिमण्या अखेर आल्या, पण त्यांनी पसंत केली बंद पडलेल्या ट्यूबलाइटची पट्टी. घरट्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

एप्रिलच्या अखेरीस लालबुड्या बुलबुलाच्या जोडीने मधुमालतीत घर बांधलं. मधुमालती दारावर आहे हे वर सांगितलंच. घरटं बरोब्बर कडीच्या बाजूला, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. तीन अंडी. नगराला झाशीच्या राणीचं नाव आहे, पण आपला मुलूख देणार नाही हा बाणा मला तिथे पाहायला मिळाला तो या जोडीतच. नवरा ऑफिसला निघाला की एकजण त्याच्या टकलाच्या दिशेने झेपावायचा. केंद्र सरकारात इतक्या वर्षांत त्याच्यावर इतक्या थेटपणे कुणी नाराजी व्यक्त केली नव्हती. दोन दिवसांत त्याने पुढचं दार सोडलं. मग आम्ही सगळ्यांनीच सोडलं.

अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिलं उडायला आणखी तितकेच. म्हणजे महिनाभर आमच्या घराचा रस्ता मागच्या आंगणातून, धुण्याच्या दोऱ्यांखालून, स्वयंपाकघरातून. आलेला प्रत्येक पाहुणा आधी कणकेच्या परातीला भेटायचा आणि मग आम्हाला. पार्सलवाल्यांना मी फोनवर सांगायची, "भैया, पीछे से आइए, आगे बच्चे सो रहे हैं." बिचारे पाय न वाजवता यायचे. एकाने तर कुजबुजत विचारलं, "जुड़वाँ हैं क्या?" मी म्हटलं, तीन आहेत. तो हात जोडून गेला.

पेच पडला तो भारद्वाजामुळे. एका सकाळी कुंपणावर तो येऊन बसला. काळा झळझळीत, विटकरी पंखांचा, लालभडक डोळ्यांचा. सासूबाईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवून नमस्कार केला. "अगं, भारद्वाज दिसला. दिवस चांगला जाणार बघ."

"कुणाचा, आई? तो अंडी खायला आलाय."

सासूबाईंचा चेहरा मी विसरणार नाही. एकीकडे जन्मभराचा शकुन, दुसरीकडे पंधरा दिवस दाराबाहेर राखलेलं बाळंतपण. भारद्वाज घरटी लुटतो, अंडी खातो, पिलं खातो. हे त्याच्या दर्शनाला शुभ ठरवणाऱ्यांनी कुठे सांगितलेलं नाही. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी तोडगा काढला. आधी दोन्ही हात जोडून पूर्ण दर्शन घ्यायचं, आणि मगच काठी आपटून त्याला हाकलायचं. रोज सकाळी हा कार्यक्रम याच क्रमाने होई. भारद्वाजही शिकला. नमस्कार होईपर्यंत तो बिनघोर बसून राही, आणि हात काठीकडे गेले की सावकाश खाली उतरून मेंदीच्या आड जाई. एका दुपारी आम्ही सगळे कूलरपुढे झोपलेलो असताना त्याने एक अंडं नेलंच. सासूबाई दिवसभर गप्प होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "त्यालाही पिलं असतील." मग जरा थांबून, "पण उद्यापासून मी आधी काठी घेणार."

दोन पिलं निघाली आणि वाढलीही. सासूबाईंचं पंजाब मेलचं परतीचं आरक्षण त्यांच्यासाठी पुढे ढकललं गेलं. उडायच्या दिवशी एक पिल्लू सरळ जांभळाच्या रोपावर जाऊन बसलं, दुसरं धडपडत नवऱ्याच्या स्कूटरच्या सीटवर. आईबाप वरून कालवा करत होते. नवरा हेल्मेट हातात घेऊन दहा मिनिटं उभा राहिला आणि मग आयएनए स्टेशनावरून मेट्रोने ऑफिसला गेला. उशीर का झाला हे त्याने तिथे काय लिहून दिलं, ते मी विचारलेलं नाही.

माकडांबद्दल लिहिणार नव्हते. पण दिल्लीच्या बागेवर लिहून माकडं वगळायची म्हणजे पाणिपतावर लिहून अब्दाली वगळण्यासारखं. जूनच्या सुरुवातीला टोळी आली. दोन्ही जास्वंदींच्या कळ्या खाल्ल्या, लिंबं तोडली, चाखली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा दुसरी तोडून चाखली. एकाने सकोरा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. दिल्लीत लाल माकडं वानराला घाबरतात. पूर्वी म्हणून वानर पाळणाऱ्यांना कामावर घ्यायचे. वन्यजीव कायद्यात ते बसेना, तेव्हा नवी दिल्लीच्या नगरपालिकेने वानराचा आवाज काढणारी माणसंच नेमली. अशा ४० तरुणांना काम दिल्याचं उत्तर २०१४ साली राज्यसभेत दिलं गेलं. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तर रस्त्याकडेला वानरांचे मोठाले कटआउट उभे राहिले. पाहुण्या राष्ट्रप्रमुखांना ते नेमके कुणाचे वाटले असतील, कोण जाणे.

हे सगळं वाचून नवऱ्याने ठरवलं, की जे काम ४० जण करू शकतात ते एका अवर सचिवाला अवघड नाही. पहाटे साडेपाचला गच्चीच्या जिन्यात उभं राहून त्याने वानराचा आवाज काढायला सुरुवात केली. टोळीतला दांडगा नर कठड्यावरून वाकला, त्याने लक्षपूर्वक ऐकलं, आणि ऐकता ऐकता जास्वंदीची आणखी एक कळी तोंडात टाकली. आठवड्याने वरच्या आंटीजी खाली आल्या. हातात कागदाची पुडी. "बेटा, ये मुलेठी है. मुँह में रखा करो. कितने दिन से सुन रही हूँ, खाँसी जा ही नहीं रही."

माकडं आपणहून गेली. बहुधा लिंबं संपली म्हणून.

मृग लागला की नाशिकहून फोन सुरू होतात. तिकडे पाऊस पडलेला असतो, भजी तळलेली असतात, आणि फोन मुद्दाम खिडकीबाहेर धरून पागोळ्यांचा आवाज ऐकवला जातो. मुंबईला मोसमी पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून, दिल्लीची २७ जून. या मधल्या दिवसांत दिल्लीतल्या मराठी माणसाशी बोलू नये. सासूबाई रोज कडुलिंबाखाली खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसायच्या. तेवढ्यात शेंड्यावर एक पक्षी ओरडला. काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा.

"चातक!" सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "आला गं! पावसाच्या थेंबाखेरीज पाणी पीत नाही बिचारा."

पाऊस खरंच दोन-तीन दिवसांत आला. चातकाचं कौतुक आमच्या घरात आठवडाभर चाललं. त्याला कावळ्याने त्रास देऊ नये म्हणून सासूबाई लक्ष ठेवून असत. तोवर लिंबाच्या दाटीत सातभाईंनी घरटं केलं होतं. एकाचं घरटं आणि सातजणांचं भांडण, तेही दिवसभर. एका सकाळी चातकाच्या नराने समोरून उडून सातभाईंना मागे लावून घेतलं, आणि मादी मागल्या बाजूने घरट्यात शिरून, काम उरकून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने निघूनही गेली. अंडं निळं, सातभाईंच्याही अंड्याचा रंग निळाच. आता ते पोर सातभाई वाढवणार. हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. त्या म्हणाल्या, तुझ्या पुस्तकात काहीही लिहितात.

दुसऱ्या दिवशी पावसाने कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली होती आणि पालवीवर नव्या अळ्या होत्या. चातक कडुलिंबावरून थेट तिथे उतरला, एक गुबगुबीत अळी उचलली, फांदीवर दोनदा आपटली आणि गिळली. मग दुसरी. सासूबाई परातीत तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी परात खाली ठेवली.

"पाणी पावसाचं, घर सातभाईंचं, आणि जेवण माझ्या कढीपत्त्यावर? याचं स्वतःचं असं काय आहे?"

नवरा पेपरमागून म्हणाला, "आफ्रिकेतून डेप्युटेशनवर आलाय, आई. राहणं, खाणं, पोरांचं संगोपन, सगळं यजमान खात्याने बघायचं असतं."

सासूबाईंनी परात पुन्हा मांडीवर घेतली आणि तांदळातला खडा काढून कुंपणापलीकडे भिरकावला. "मग सप्टेंबरात रिलीव्ह करा म्हणावं त्याला. मुदतवाढ देऊ नका."